कोरड्या गावची खानेसुमारी

मंगळवार, ७ तारीख
सकाळी सव्वानऊ. पाऊस चालू, आज तिसरा दिवस.

थोरले,

आशीर्वाद नेहमीचेच. नको असतील तर बाजूला ठेव, परत पाठवू नकोस.

मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं त्याची यादी आधी देतो, म्हणजे पुढे वाद नको.

घरं आणि इमारती मिळून सेहेचाळीस. त्यांत एक सिनेमागृह, एक पोस्ट, एक न्हाव्याचं दुकान (तीन खुर्च्या, तिन्ही फिरतात) आणि एक औषधांचं दुकान, ज्याच्या फळ्यांवर एकशे चाळीस बाटल्या आहेत. दारं अठ्ठावन्न, सगळी बिजागरीवर, उघडतात आणि मिटतात. खिडक्या तीनशे सहा. जिने अकरा. पाण्याची टाकी एक, गळत नाही. दुकानांच्या पाट्या एकतीस, तीन केसांच्या ब्रशने, भिंग न लावता रंगवलेल्या. सगळं एका मीटरला अडीच सेंटीमीटर या मापात, कुठेही अर्ध्या मिलिमीटरच्या वर फरक नाही.

दिव्यांचे एकोणीस खांब यात धरलेले नाहीत, ती वायरिंग धाकट्याची. पडदे आणि दुकानांवरच्या कापडी झडपा तुझ्या आईच्या. दुसऱ्याचं काम मी माझ्या नावावर मांडत नाही. माणसांबद्दल खाली लिहितो.

तुला हे सगळं पाठ आहे, मला माहीत आहे. पण मला क्रमाशिवाय लिहिता येत नाही. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला क्रमच सांभाळून नेतो.

तर क्रमाने. पाऊस असला की पाट्या रंगवण्याचं काम बंद. दमट हवेत रंग वाळत नाही, वाळला तर पांढुरका पडतो. म्हणून पावसाच्या दिवशी मी घरी, तुम्ही दोघं घरी, आणि मधल्या खोलीत गावाचं काम. ऊन पडलं की गावाला हात लावायचा नाही, हा नियम माझा. 'कोरडं गाव' हे नाव तुझं, तेव्हा तू सात वर्षांची होतीस. म्हणालीस, "बाबा, पाऊस पडतो म्हणून हे बांधतो, पण यात कधीच पडत नाही." चौदा वर्षं आपण ते बांधलं.

आता मुद्दा. गाव विकायचं ठरतं आहे.

फर्निचरच्या मोठ्या शोरूमचा मालक, ज्याच्या पाट्या मी वीस वर्षं रंगवल्या, तो नवी चार मजली शोरूम काढतो आहे. दारातून आत येताच काचेच्या पेटीत त्याला आपलं गाव ठेवायचं आहे. खाली पितळी पाटी, तिच्यावर माझं नाव. अक्षरं मी सांगेन तशी. तो पुढच्या शुक्रवारी, १७ तारखेला, गाव बघून व्यवहार पक्का करायला येणार आहे.

विकण्याचं कारण साधं आहे. धाकटा एकोणीस वर्षांचा झाला. अजून स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय घालून झोपतो. गाव गेलं की मधली खोली त्याची.

मला यात काही अडचण दिसत नव्हती. तुझ्या आईला दिसली. काल भाजी चिरता चिरता म्हणाली, "गाव विकायचं तर माणसांना विचारून विका."

म्हटलं, "माणसं लाकडाची आहेत."

"ती नव्हे. जिची आधी होती, तिला विचारा. ती हो म्हणाली तर मी दार धरून उभी राहते, घेऊन जाऊ देत. नाही म्हणाली तर तुमचा तो फर्निचरवाला जिन्यावरूनच परत जाईल."

म्हणून विचारतो. गाव विकू का? हो किंवा नाही, एक शब्द पुरे. तुझी माणसं व्यवस्थित ठेवलेली आहेत, माळ्यावरच्या खोक्यात. हवी असतील तर पाठवून देईन.

धाकटा या पत्राचा मोबाईलवर फोटो काढून तुला पाठवतो आहे. फोटोत माझं अक्षर डावीकडे कलतं दिसतं. ते तसं नाही. मूळ प्रत पोस्टाने येईल, ती बघ.

बाबा


गुरुवार, ९ तारीख
दुपारी सव्वातीन. पाऊस चालू. समोरच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी, बस बंद.

थोरले,

तुझा मेसेज आईच्या फोनवर काल संध्याकाळी आला. तिने तो मला वाचून दाखवला नाही, फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि उभी राहिली. तू लिहिलंस: "विका. माझी माणसं त्यात नाहीतच, मग मला कशाला विचारता? खोकंही नको. फक्त त्यातल्या छत्रीवाल्या बाईचा एक फोटो पाठवा."

एवढंच मागितलंस. आईने ताबडतोब स्टूल घेतलं. मी म्हटलं, तुझा गुडघा दुखतो, मी चढतो. ती म्हणाली, "दोन वर्षं तुम्ही चढतो म्हणताय." आणि चढली. धाकट्याने स्टूल धरलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. त्या वेळी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही.

मंगळवारी लिहिलं की खोकं माळ्यावर आहे. खोकं आहे. त्यात झिजलेले ब्रश आहेत, एकूण साठ-सत्तर. माणसं नाहीत.

आई वरूनच म्हणाली, "अहो, यात ब्रश आहेत."

मी म्हटलं, "हो."

"माणसं कुठे आहेत?"

खाली उतरेपर्यंत तिला कळलं होतं. ती ओरडली नाही. म्हणाली, "दोन वर्षं दर रविवारी मी पोरीला सांगते, अगं, रागाच्या भरात काढली असतील, पण जपून ठेवलीत. मलाही खोटं पाडलंत." तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. बाहेर पाऊस, कुणाला कुठे जाता येत नाही, आणि दोन खोल्या आणि एका स्वयंपाकघरात आम्ही तीन माणसं एकमेकांना वाट देत फिरतो आहोत. निरोप धाकट्याच्या तोंडून जातात. "आई विचारते, चहा टाकू का." "आईला सांग, टाक." आई चार फुटांवर उभी असते. आज सकाळी धाकटा वैतागून म्हणाला, "मी वायरमन होणार आहे हे खरं, पण तुमच्या दोघांतली वायर होणार नाही."

तेव्हा माणसांचं काय झालं ते लिहितो. हेही क्रमाने.

तुझी माणसं तारेची, वर दोरा गुंडाळलेली, डोकी कागदाच्या लगद्याची. उंची साडेपाच ते सहा सेंटीमीटर. गावाच्या मापात सहा सेंटीमीटर म्हणजे सात फूट दहा इंच. दारं पाच सेंटीमीटरची. तुझं एकही माणूस स्वतःच्या घरात शिरू शकत नव्हतं. मी तुला हे तू नऊ वर्षांची असल्यापासून सांगत होतो. "तुझी प्रजा रस्त्यावरच राहणार, घरात मावत नाही." तू म्हणायचीस, "लहान केली तर चेहऱ्याला जागा उरत नाही." आपण हसायचो. निदान मी हसायचो.

मग दोन वर्षांपूर्वी हौशी कारागिरांचं ते प्रदर्शन आलं. गाव लोकांसमोर जाणार, आणि कुणीतरी फूटपट्टी लावणार, हे माझ्या डोक्यातून जाईना. आठ दिवस दुकानात बसून मी लाकडाची एकशे बारा माणसं कोरली. सगळी मापात. बुधवारी सकाळी तू कामावर गेल्यावर, दहा चाळीसला, पातळ पात्याने तुझी माणसं पायांपासून सोडवली. मोजली. एकशे बारा. पुट्टीच्या रिकाम्या पिशवीत भरली आणि खाली कचऱ्याच्या गाडीवर दिली. गाडीवाल्याने पिशवीत डोकावून विचारलं, "लहान मुलांची आहेत का?" मी म्हटलं, "नाही." त्याने त्यातलं एक उचलून पुढच्या काचेपाशी ठेवलं. कुठलं ते मी पाहिलं नाही.

शनिवारी तू कामावरच्या मैत्रिणींना घेऊन प्रदर्शनात आलीस, आपली माणसं दाखवायला. गावाभोवती एक फेरी मारलीस आणि विचारलंस, "बाबा, माझी माणसं कुठे आहेत?" मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मापात नव्हती." पहिलं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर एकच नाव आहे. मंगळवारी मी लिहिलं की दुसऱ्याचं काम माझ्या नावावर मांडत नाही. ते वाक्य खोडायला हवं, पण पत्र गेलं.

तेव्हा छत्रीवाल्या बाईचा फोटो मला पाठवता येत नाही.

बाबा


रविवार, १२ तारीख
संध्याकाळी साडेपाच. मधे दोन तास उघडलं, पुन्हा चालू.

थोरले,

या रविवारी तू आईला फोन केला नाहीस. अकरा वाजल्यापासून फोन तिच्या पदराशी होता. साडेबाराला तिने तो कपाटात ठेवला आणि चार दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली: "बसा इथे."

मधल्या खोलीत गावाशेजारी तिने चादर पसरली होती. वर्तमानपत्रं भिजत घातलेली, तारेचं भेंडोळं, दोऱ्याची रिळं, सगळं मांडलेलं. धाकटा पक्कड घेऊन बसला होता.

"काय करायचंय?" मी विचारलं.

"तिची माणसं. आठवतील तेवढी. शुक्रवारी तुमचा मालक येईल तेव्हा गावात तिची माणसं असतील. मग काय करायचं ते करा."

मी म्हटलं, ठीक आहे, आधी यादी करू. कागद घेतला, रकाने आखले. आईने सुरुवात केली आणि मला लिहिणं जमेना इतक्या वेगाने सांगू लागली. पोस्टासमोरच्या दोघी, ज्यांचं बोलणं संपतच नाही. पिशवी फाटलेला माणूस आणि त्याची चार लिंबं. न्हाव्याकडून बाहेर पडून डोक्याला हात लावून बघणारा.

"टकलावर एक केस होता त्याच्या," धाकटा म्हणाला. "ताईने तो माझ्या शर्टाच्या दोऱ्याचा केला होता. निळा."

"निळा नव्हे रे, करडा."

"आई, शर्ट माझा होता!"

दोघं भांडत होते आणि हसत होते. मला वाटलं आता माझी पाळी येईल. आई म्हणाली, "तुम्ही सांगा की. तुम्हाला तर खिडकीन् खिडकी पाठ असते."

चारशे सत्तावीस, हा औषधाच्या दुकानाच्या छताला मारलेल्या चुकांचा, म्हणजे बारीक खिळ्यांचा, आकडा आहे. तो मी आत्ता, न बघता लिहिला. तुझी माणसं मला चार आठवली. छत्रीवाली बाई, तीही तू मागितलीस म्हणून. पोलीस. दूधवाला. एक मूल, कुठलं ते नाही. पाचव्याला मी अडलो. बारा वर्षं ती माणसं माझ्या नाकाखाली उभी होती. मी त्यांना फक्त मोजलं होतं आणि मापलं होतं.

आईने माझ्याकडे बघितलं आणि पुढचं माणूस धाकट्याला विचारलं. मला बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत दोघांना मिळून त्र्याण्णव आठवली. एकोणीस कमी. करायला बसलो, तर माझ्या हातचं प्रत्येक माणूस चार सेंटीमीटरचंच व्हायचं. मी मोठं करायला जायचो, तार वळवता वळवता हात आपोआप आखूड करायचा. आई म्हणाली, "अहो, कमी पडतंय." पुन्हा केलं. पुन्हा कमी. तिसऱ्यांदा धाकट्याने माझ्या हातातून पक्कड काढून घेतली. "बाबा, तुम्ही लगदा कालवा."

तीस वर्षं या शहरातल्या दुकानदारांनी माझ्या हाताखाली पोरं शिकायला पाठवली. आज मी लगदा कालवला.

आईच्या हातच्या माणसांचे चेहरे मात्र तुझ्यासारखे येत नाहीत. तिची सगळी माणसं थोडी तिच्या भावासारखी दिसतात. पिशवी फाटलेला तर हुबेहूब तुझा मामा. ती स्वतःच ते बघून इतकी हसली की डोळे पुसावे लागले, आणि मग पुसतच राहिली.

मी तुला आणखी एक गोष्ट विचारणार आहे, आणि ती विचारायचा हक्क मला नाही हे धरून विचारतो. राहिलेली एकोणीस कोण होती?

बाबा


गुरुवार, १६ तारीख
सकाळी सात. पाऊस. उद्या मालक येणार.

थोरले,

तुझी यादी मंगळवारी आली. आईच्या फोनवर, आईला. माझ्या नावाने त्यात शेवटच्या दोन ओळी सोडून काही नाही. मी ती धाकट्याकडून कागदावर उतरवून घेतली आणि भिंतीला लावली. "रांगेत उभा आहे पण कशाची रांग ते माहीत नाही असा." "बहिणीवर रुसलेली, पण तिच्या मागेच चाललेली." "सिनेमा सुटल्यावर आपली चप्पल शोधणारा." मी ही माणसं पाहिली होती. आता वाचून ती दिसली.

आईने आणि धाकट्याने बुधवारी दुपारपर्यंत एकोणीस पुरी केली. सिनेमावाल्याच्या चपलेवरून दीड तास वाद.

तुझ्या शेवटच्या दोन ओळी अशा: "बाबा, एकशे बारा नव्हती. एकशे तेरा होती. तुम्ही मोजताना चुकलात. पाट्यावाल्याच्या दुकानात आत बघा."

मी मोजताना चुकत नाही. हे मी मोठ्याने म्हणालो सुद्धा. आई म्हणाली, "बघा तरी."

पाट्यावाल्याचं दुकान हे माझंच दुकान, गावातलं. त्याचं छप्पर मी सहा वर्षांपूर्वी चिकटवून बंद केलं. खिडकीतून आत फक्त शिडी दिसते. मंगळवारी मी पात्याने छप्पर कापलं. माझा स्वतःचा जोड, फार वाईट निघतो. आत शिडीच्या मागे, बाहेरून दिसणार नाही असा, एक माणूस पाठमोरा उभा होता, भिंतीला नाक लावून पाटी रंगवत. तारेचा, वर दोरा. मी सर्वांत आधी काय केलं ते तुला सांगायला नको. पट्टी लावली. चार सेंटीमीटर तीन मिलिमीटर. गावाच्या मापात पाच फूट आठ इंच. माझी उंची.

आईने तुला लगेच विचारलं. तुझं उत्तर तिने या वेळी मोठ्याने वाचलं: "तो एकच मापात केला होता. नाहीतर ओरडले असते."

धाकटा हसला.  मी दुकानाचं छप्पर हातात धरून बसलो होतो.

आता काल काय केलं ते. धाकट्याने माणसं आपापल्या जागी उभी केली, बहुतेकांचे पाय चिकटवून. एकशे बारा माणसं, सगळी दारांबाहेर. पोस्टासमोर, न्हाव्यासमोर, स्वतःच्या घरांसमोर. कुणालाच आत जाता येत नाही. अगदी आधीसारखं. मी म्हटलं, "झालं, पुन्हा तेच. दारं पाचची आणि माणसं सहाची."

आई लगद्याचं भांडं धूत होती. पाठ न वळवता म्हणाली, "पोर दातांच्या कारखान्यात कामाला आहे. ती सांगते, दात ज्याच्या त्याच्या तोंडाप्रमाणे करायचा. तुमचं उलटं. तुम्ही दात करून ठेवता आणि तोंड शोधत फिरता."

मी करवत काढली. सोनारकामाची, बारीक पात्याची.

दारं साडेसहा सेंटीमीटरची करायला घेतली. प्रत्येक चौकटीच्या वरची भिंत दीड सेंटीमीटर कापायची, झडप नवी करायची, बिजागऱ्या बदलायच्या. अठ्ठावन्न. काल रात्री जेवणापर्यंत एकतीस झाली, उरलेली आज. अडचण एकच आहे: दुकानांच्या पाट्या दारांच्या लगेच वर आहेत. त्या वर सरकवाव्या लागल्या. सात पाट्यांना वर जागाच नव्हती. औषधाच्या दुकानाची त्यांत आहे, जिच्यात सावली दिलेली अक्षरं होती. त्या सात मी काढल्या.

मापाचं विचारशील तर गावाचं माप आता राहिलेलं नाही. खिडक्या एका जगातल्या, दारं दुसऱ्या. कुणी फूटपट्टी लावली तर तोंड दाखवायला जागा नाही. पण पहिलं दार झालं तेव्हा धाकट्याने त्या दोन बोलक्या बायकांतली अजून न चिकटवलेली एक उचलली आणि पोस्टात घालून दाखवली. शिरली. डोकं कुठे घासलं नाही. आई हात पुसत येऊन बघून गेली. म्हणाली, "ती आत गेली तर दुसरी कुणाशी बोलेल? बाहेर काढ तिला."

उद्या मालक काय म्हणतो ते कळवीन. तू हो म्हणाली आहेस, तेव्हा आई त्याला जिन्यावर अडवणार नाही. माझं काय ते मी अजून ठरवलेलं नाही.

बाबा


सोमवार, २० तारीख
सकाळी दहा. पाऊस थांबला, दुकान उघडायला हवं, हे पत्र झालं की जातो.

थोरले,

काल तुझा मेसेज माझ्या फोनवर आला. आईच्या नव्हे, माझ्या. "बाबा, आई म्हणते नको म्हणालात. किती देत होता?" आठ शब्द. दोन वर्षं दोन महिन्यांनी. दोनदा मोजले, कारण हल्ली माझ्या मोजण्यावर माझा पूर्वीइतका भरवसा नाही.

आईला आकडा मी सांगितलेला नाही. तुला सांगतो, पण क्रमाने.

मालक शुक्रवारी चारला आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात बूट. सोबत काचेच्या पेटीचं माप घेणारा एक माणूस. आईने त्याला पाय पुसायला कापड दिलं, चहा दिला. तो गावासमोर उभा राहिला, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे ते नाही," तो म्हणाला. "प्रदर्शनात पाहिलं ते कसं एकदम खरं वाटत होतं. हे... ही माणसं काय खाऊन वाढली?"

धाकट्याला हसू आलं. मी म्हटलं, "ही आधीची आहेत. प्रदर्शनात होती ती नंतरची."

"आणि दारं? मास्तर, ही दारं आहेत की गोदामं? तुमच्या हातचं काम हे? तुमच्या?"

हे त्याने बरोबर ठिकाणी मारलं. वीस वर्षं ओळखतो मला. मान खाली गेली माझी, खरं सांगतो. त्याच्या डोळ्यांनी मी ते गाव पाहिलं आणि मला लाज वाटली. मी त्याला म्हणणार होतो की वेळ कमी होता. आई चहाचा कप उचलायला आली होती, ती तिथेच थांबली.

मी म्हटलं, "माझ्या एकट्याच्या हातचं नाही. माणसं माझ्या मुलीची आहेत. दारं त्यांच्या मापाची केली आहेत."

"मुलीला दुसरं काहीतरी द्या. व्यवहाराचं बोला." मग तो खुर्चीवर बसला, पेटीवाल्याला बाहेर पाठवलं आणि नीट, समजुतीने बोलला. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, आधी ठरलेल्या रकमेवर तो साठ हजार वाढवून देईल, दारं पुन्हा करण्याच्या श्रमाचे. शोरूमच्या चारही मजल्यांच्या पाट्या मीच हाताने रंगवायच्या, छापील नाहीत, त्याचे पैसे वेगळे. तुला माहीत आहे, वर्षभरात माझ्याकडे एवढं काम आलेलं नाही.

मी त्याला लाकडी माणसं देऊ केली, तशीच, फुकट. ती डब्यात आहेत. त्याने घेतली नाहीत. "गावाशिवाय मी ती कुठे उभी करू?" म्हणाला. त्याचंही बरोबर आहे.

तो गेला. धाकट्याने आपली गादी उचलली आणि पुन्हा ओट्याखाली टाकली. मी म्हटलं, "तुझी खोली गेली रे." तो म्हणाला, "मला पाय दुमडून झोपायची सवय आहे. तुम्ही फक्त सकाळी पाचला ओट्यावर चहाचं भांडं आपटू नका." त्याचं मी नुकसान केलं आहे आणि ते मला माहीत आहे. त्याच्यासाठी काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

माणसांच्या चेहऱ्यांबद्दल आईचं म्हणणं आहे की ते तूच नीट करू शकशील. पाऊस असेल तेव्हा. मी तुला ये म्हणत नाही, तू ठरव. नियमापुरतं सांगतो की आता ऊन असलं तरी गावाला हात लावायला हरकत नाही.

आता तू विचारलंस ते. दारं पुन्हा पाच सेंटीमीटरची करायची, तुझी माणसं काढायची, माझी लाकडी आत उभी करायची, पितळी पाटीवर माझं एकट्याचं नाव, मुदत दोन महिने. मी नको म्हटलं. तो देत होता दोन लाख चाळीस हजार.

बाबा